हरत्या वर्षात बसायची जागा

सहावी मॅच हरलो, तेव्हा हार्डवेअरवाले भाई गुडघ्यांवर हात टेकवत पायरीवरून उठले आणि म्हणाले, "चलो, इस बार सिर्फ ग्यारह से हारे." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्यांच्या डोक्यात घालावी असं क्षणभर मनात येऊन गेलं. चार वर्षांपूर्वी याच माणसाने आम्ही अकराने 'च' जिंकलो म्हणून कोचला गेटवर अडवून जाब विचारला होता.

जेसल पार्कच्या बाजूला, खाडीचा वारा लागतो तिथे आमचं बास्केटबॉलचं कोर्ट आहे. एका अंगाला सिमेंटच्या पाच पायऱ्या, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे गल्ली. टीम मुलींची. मुली म्हणायची आपली सवय. खरं तर तीन-चार जणी चांगल्या बायका झाल्यात आणि बाकीच्या कॉलेजातल्या पोरी आहेत. या टीमने जिल्ह्याची लीग लागोपाठ तीन वर्षं जिंकली होती. तेव्हा पायऱ्यांवर बसायला जागा मिळायची नाही. लोक भिंतीवर चढून बसायचे, कुणीतरी ढोल आणायचं, समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून गॅलरीत उभ्या राहायच्या. रविवारी सकाळी भायंदर पूर्वेला दुसरं काही महत्त्वाचं घडतच नाही असं आम्हाला वाटायचं.

मग पांगापांग झाली. सगळ्यात उंच मुलीला खेळावर सरकारी नोकरी लागली आणि ती गाव सोडून गेली. सगळ्यात चपळ होती ती लग्न करून परदेशी गेली. तिसरीने वसईला स्वतःचे क्लास काढले, आणि आता ती दरवर्षी आपल्या पोरींची टीम घेऊन येते आणि आम्हाला हरवून, जाताना सगळ्यांच्या पाया पडते. उरली माझी मुलगी. वय एकतीस, गुडघ्याला पट्टा, पदरी चार वर्षांचा मुलगा.

मोसम सुरू व्हायच्या आधीच तिने सांगून टाकलं होतं, हे शेवटचं वर्ष. दहा रविवार, दहा मॅच, मग बूट कुणालातरी देऊन टाकणार. ती मीरा रोडला राहते. रविवारी सकाळी नातवाला आमच्याकडे त्याच्या आजोबांपाशी सोडायचं आणि आम्ही दोघींनी चालत कोर्टावर जायचं, असा परिपाठ. ती दहा वर्षांची असल्यापासून मी तिच्यासोबत जातेय. मी स्वतः बॉल कधी हातात धरलेला नाही. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, आठवडाभर पालकांशी हुज्जत घालण्यात जातो. रविवारची ती दोन तास पायरीवर बसण्याची गोष्ट माझी स्वतःची होती. त्यामुळे यंदा मी मनाशी एवढंच धरलं होतं की तिच्या दहाही मॅच डोळ्यांनी बघायच्या, एकही सोडायची नाही. जिंकणं-हरणं नंतरचं.

हरायला लागल्यावर माणसं कशी बदलतात ते त्या पायऱ्यांवर बसून मी शिकले. पहिल्या दोन पराभवांना रेफरी जबाबदार होता. तिसऱ्याला कोच. चौथ्यानंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या फायनलचे फोटो फिरू लागले, त्याखाली रडके चेहरे, आणि मग एकेक जण न बोलता ग्रुप सोडून जाऊ लागला. ढोलवाले तर केव्हाच येईनासे झाले होते. "हारी हुई टीम के लिए कौन बजाएगा," असं त्यांच्यातला एक जण मला भाजीवाल्याकडे भेटला तेव्हा म्हणाला. मी कोथिंबीर घेतली आणि चालू लागले. त्याच्याशी भांडायचीही ताकद नव्हती. शेवटी पायरीवर सातआठ टाळकी उरली, त्यातले रोजचे म्हणावेत असे तिघंच: भाई, मी, आणि उत्तनचे अंकल.

अंकल कोळी-ख्रिश्चन, सत्तरीच्या पुढचे, घरची होडी आता भाचे चालवतात. त्यांची नात पूर्वी आमच्या टीममध्ये होती. ती सोडून गेली, अंकल राहिले. दर रविवारी बस बदलून येतात आणि हाफ टाइम होईपर्यंत चहाचा घोट घेत नाहीत. का, तर पहिली लीग जिंकलो त्या दिवशी चहावाला उशिरा आला होता. भाईंचा असाच एक चॉकलेटी हाफ शर्ट होता, मॅच सोडून कधी न घालायचा. आणि माझी जागा ठरलेली, पहिल्या पायरीवर, विजेच्या खांबाला लागून, बास्केटच्या बरोबर मागे. मला यायला उशीर झाला तरी तिथे दुसरं कुणी बसलेलं चालायचं नाही.

हे सांगताना माझी मलाच लाज वाटते. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावल्या आहेत. नवस नाही, अंगारा नाही, मुहूर्त नाही. मुलीचं लग्नसुद्धा हॉल ज्या तारखेला रिकामा मिळाला त्या तारखेला लावलं. सासूबाई जालन्याहून यायच्या त्या शेजाऱ्यांच्या लिंबू-मिरचीला हसून जायच्या. आणि त्यांची ही सून खांबाजवळची जागा सोडायला तयार नव्हती. मांजर आडवं गेलं तर मी खुशाल पुढे जाईन, पण मॅच चालू असताना जागेवरून उठायची नाही.

हरत गेलो तसे आम्ही या गोष्टी उलटसुलट करून बघू लागलो. भाईंनी शर्ट बदलला. अंकलनी चहा आधीच पिऊन टाकला. पाचव्या मॅचला आम्ही तिघं वरच्या पायरीवर जाऊन बसलो, उन्हात भाजून निघालो आणि सव्वीसने हरलो. सहाव्याला परत खाली.

सातव्या रविवारी चेण्याला माझ्या नणंदेच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. मी नाही म्हणून बघितलं, पण नवरा म्हणाला, "तिची एकुलती एक भावजय तू, एक मॅच नाही बघितलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?" गेले. पुरी-भाजीच्या रांगेत उभी होते तेव्हा भाईंचा फोन आला. ते नुसतेच ओरडत होते. तीन पॉइंटनी जिंकलो होतो. शेवटची बास्केट माझ्या मुलीची.

मी फोन ठेवला आणि ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. आनंद झाला हे खोटं नाही. पण त्याहून जास्त, फसवल्यासारखं वाटलं. सहा पराभव मी पायरीवर बसून पचवले आणि एक विजय आला तो मी नसताना.

पुढच्या रविवारी मुलगी कपडे बदलायला आत गेली आणि भाई व अंकल मला गेटवरच आडवे आले. दोघांचे चेहरे पाहूनच काहीतरी गडबड आहे हे कळलं.

"बेन, खोटू ना लगाडता," वाईट वाटून घेऊ नका असं भाई आपल्या गुजरातीत म्हणाले. "आप नहीं थे और जीत गए. अब क्या करें?"

"म्हणजे मी पनवती?"

"तसा न्हाय बाय," अंकल घाईने म्हणाले. "राग नको धरू. दोनच मॅची हायेत आता त्याच्यानंतर. आज जरा बाहेर बसून बघ ना."

मला जो राग आला तो सांगायला नको. एकवीस वर्षं आले मी तिथे. यांच्या टाळ्यांच्या आधी माझ्या टाळ्या होत्या. तोंडाला आलं होतं की माझी मुलगी खेळतेय, तुमची कुणाची नाही, बसायचं तर तुम्ही बसा बाहेर. पण सहा पराभवांनी माणसाच्या अंगात भांडण उरत नाही. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मलाही ते पटलं होतं. मी गल्लीत गेले. वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची दिली.

भिंतीमागे बसल्यावर मॅच कानांनी बघावी लागते. बूट घासल्याचा आवाज, शिट्टी, पोरींची हाक. बॉल रिंगला लागला की ठण्ण असा आवाज येतो आणि पायऱ्यांवरून "अरेऽ" येतं. नीट आत गेला तर आवाजच नसतो, नुसता माणसांचा येतो. त्या दिवशी ठण्णच जास्त आले. चौदाने हरलो. घरी जाताना मुलगी काहीच बोलली नाही. थकली असेल, असं मी धरून चालले.

नवव्या रविवारी मी सरळ गेटकडे निघाले. "झालं तुमचं शास्त्र करून," मी म्हणाले. "मी बाहेर होते तरी हरलो. आता माझ्या जागी बसते." भाई अंकलकडे बघायला लागले, अंकल जमिनीकडे. "बेन, एक संडे और," भाई पुटपुटले. मी ऐकणार नव्हते. पिशवी सावरली आणि आत पाय टाकला, तेवढ्यात अंकलनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"तुझ्या पोरीनीच सांगलाय, बाय," ते म्हणाले. "आमी न्हाय. तुला कलू नको देव म्हनली."

भाईंनी तोंड फिरवलं. तो पनवतीचा सगळा खेळ त्यांनी माझ्यासाठी उभा केला होता. मुलीने नको म्हटलं हे ऐकण्यापेक्षा ग्रहदशेने नको म्हटलं हे बाईला झेपेल, असा त्यांचा हिशेब. मी मागे वळले आणि गल्लीतल्या खुर्चीत जाऊन बसले. त्या मॅचचं मला काही आठवत नाही.

घरी जाताना मी तिला विचारलं. थेट विचारलं, मला आडून बोलायला जमत नाही.

गुडघ्यामुळे ती एक पाय जरा ओढत चालत होती. म्हणाली, "मम्मी, तू डोळे मिटतेस."

"कधी?"

"मी फ्री थ्रो मारायला उभी राहते ना, समोर खांबाजवळ तू. बॉल हातातून सुटायच्या आधीच तुझे डोळे मिटलेले असतात. मला तेव्हाच कळतं, हा जात नाही आता."

"मी आधीपण मिटत असेन. जिंकत होतो तेव्हाही."

"असशील. तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हते."

मी डोळे मिटते हे मला माहीतच नव्हतं. आम्ही हरताना मी कधी कुणाला नावं ठेवली नाहीत, ओरडले नाही, रेफरीला शिव्या दिल्या नाहीत; मला वाटायचं, बाकीचे वाट्टेल ते करोत, मी तरी तिला त्रास देत नाहीय. सगळ्यांत जास्त मीच दिला होता. मला फार वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला, की इतकी वर्षं येणाऱ्या आईला तोंडावर सांगायचं सोडून तिने दोन म्हाताऱ्यांना पुढे केलं. दोन्ही एकदम वाटत होतं.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात ती म्हणाली, "पुढच्या वेळी ये तू. शेवटचीच आहे. मी खांबाकडे नाही बघणार."

"बघू," मी म्हणाले.

शेवटच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले आणि तिथून गल्लीत वळले. ती थांबली, पण मी मागे बघितलं नाही. खुर्ची भिंतीला लावून बसले. मला ती मॅच बघायची होती, दुसरं काही नको होतं. पण बॉल हातात घेऊन ती त्या लाइनवर उभी राहणार आणि न बघायचं कबूल करूनही एकदा बघणार, हे मला ठाऊक होतं. मीही बघितलं असतं.

मी आत आले नाही हे भाईंच्या लक्षात आलं असावं. कारण मॅच सुरू झाली आणि पायरीवरून त्यांचा आवाज चढला. एरवी ते नुसते हाय-हाय करतात. त्या दिवशी एकेक गोष्ट ओरडून सांगत होते. "लेफ्ट से गई! पास दिया! वापस लिया! डाल दिया, बेन की लडकी ने डाल दिया!" मध्येच अंकलचा आवाज यायचा, "आमच्या पोरीनी टाकला गोऽ!" समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली की या दोघांना झालंय काय. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मोठ्याने हसत होते, आणि रडतही होते.

शेवटच्या काही मिनिटांत शिट्टी झाली. मग सगळं शांत झालं. भाई एकदम गप्प. बॉल जमिनीवर तीनदा आपटला, ही तिची सवय. मग ठण्ण. पुन्हा तीनदा आपटला. पुन्हा ठण्ण. त्यानंतर बराच वेळ भाईंचा आवाज आला नाही. आठने हरलो.

ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. केस ओले, बूट हातात, पायात स्लीपर. मी खुर्ची वॉचमनला परत दिली. "सांग," मी म्हणाले. "मी काही बघितलं नाहीय."

आणि ती सांगायला लागली. पहिल्या क्वार्टरपासून, अगदी मन लावून, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तसं. कोणत्या पोरीने कसा पास दिला, ती कशी डावीकडून घुसली, तिच्यापेक्षा डोकंभर उंच मुलीच्या वरून तिने कसा मारला. रस्त्यात रिक्षावाले हॉर्न मारत होते, तिला भान नव्हतं. घर येईपर्यंत तिने मला सगळी मॅच दाखवली.

ते दोन फ्री थ्रो तिने सांगितले नाहीत. मीही विचारलं नाही.