राजीनामा कर लें

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, प्रार्थनेतही नाही — म्हणजे देवाला ठाऊक आहेच, पण मी तोंडाने कधी उच्चारलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

मी भित्री आहे. लहानपणापासून. कुणी आवाज चढवला की मी तिथून निघूनच जाते. आणि आमच्या नोएडातल्या चर्चच्या मराठी मंडळीत त्या वर्षी सगळ्यांचेच आवाज चढलेले. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, थकलेले, कान जवळजवळ गेलेले. तरुणांना नवा पाळक हवा होता, हिंदी उपासना हवी होती. जुने म्हणत, साहेब आहेत तोवर नाही. उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी असं कडाक्याचं भांडण व्हायचं, की मी कप घेऊन पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची. अरे यार, मघाशी शेजारी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलेली ती हीच का माणसं?

साहेबांना फोनवर कुणाचं काही ऐकू येत नसे. माझा आवाज मात्र यायचा — का, कोण जाणे. म्हणून बिशपांचे निरोप मीच घ्यायची आणि साहेबांना मराठीत सांगायची. बिशप हिंदी बोलणारे. एकदा त्यांचा फोन आला, "पादरी साहब से कहिए, इतवार तक राजीनामा कर लें."

मी सांगितलं, "साहेब, रविवारपर्यंत राजीनामा द्या म्हणतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि "बरं" म्हणाले. एवढंच.

शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीचा गार्ड दोन शेजाऱ्यांच्या गाडीवरून झालेल्या भांडणाबद्दल सांगत होता. "थाने में राजीनामा हो गया, मैडम." मी विचारलं, नोकरी कुणी सोडली? तो हसायलाच लागला. "नौकरी नहीं मैडम, समझौता. दोनों ने हाथ मिला लिया."

कळलं ना तुला? बिशप समेट करा म्हणत होते. आणि मी त्या माणसाला घरी पाठवत होते.

इथपर्यंत चूक होती. पण शनिवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता — साहेबांचं घर असं कितीसं लांब? मी गेले नाही. फोनही केला नाही. पाचावर धारण बसली होती. लोक हसतील, ही एक भीती. पण खरी भीती वेगळी होती. साहेब राहिले तर भांडण राहील. ते गेले की सगळं शांत होईल... मला ती शांतता हवी होती. ती मी त्यांचा बळी देऊन घेतली.

रविवारी साहेबांनी राजीनामा वाचला. बिशपांचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. मी पुढच्या बाकावर रडत होते, आणि लोक मला पाणी आणून देत होते. पुढे बिशप आले, मंडळीसमोर हळहळून म्हणाले, मैंने तो सुलह करने को कहा था, वे रूठकर चले गए. तेव्हाही मी गप्प. तेव्हापासून आमच्याकडे साहेबांचं नाव निघालं की लोक म्हणतात, फार मानी माणूस, समेट नको होता त्याला. आणि साहेब नगरला मुलीकडे बसून समजतात, बिशपांनी आपल्याला काढलं.

येत्या रविवारी मंडळीचा वर्धापनदिन आहे. साहेब येणार आहेत. बिशपही. दोघांच्या मध्ये माझी खुर्ची ठेवलीय, निरोप सांगायला.

काल साहेबांचा फोन आला. "सलाम, बाळ. कान आता पुरतेच गेले बघ. तुझा आवाज तेवढा अजून येतो. तू शेजारी असशील ना? मग मला काळजी नाही."

"हो, साहेब," मी म्हणाले. मोठ्याने, सावकाश, त्यांना ऐकू जाईल असं.