तेलुगू कपाटासमोरचं शून्य

आमच्या वाचनालयात संगणक यावा म्हणून कार्यकारिणीत सर्वांत जास्त मीच बोललो होतो. आजही माझं मत तेच आहे. पण आकडा कशाचा आहे हे न विचारता त्यावर निर्णय घेणं मला जमत नाही.

संगणकाचा पहिला अहवाल आला. तेलुगू पुस्तकांची देवघेव शून्य. अध्यक्ष म्हणाले, "बघा, कुणी वाचतच नाही. पुस्तकं रद्दीत घालू, कपाट मासिकांना देऊ."

"तुम्ही दुपारी कधी येता का हो इथं?" मी विचारलं.

दुपारी शहराच्या पूर्व भागातले तेलुगू भाषिक म्हातारे विणकर येतात. घरात यंत्रमागाची खडखड, तिथं वाचणार कसं? म्हणून पुस्तक कुणी घरी नेत नाही. कपाटातून काढायचं, टेबलावर वाचायचं, पानात सुताचा तुकडा घालून परत ठेवायचं. काउंटरशी संबंधच येत नाही, मग संगणकाला कळणार कुठून?

"नोंद नाही तर वाचन नाही. नियम सगळ्यांना सारखा," अध्यक्ष म्हणाले.

"मग नोंद होईल. पुढच्या सभेपर्यंत त्या कपाटाला मी कुणाला हात लावू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो. टेबलावरच्या सर्वांत वयस्कर मामांना प्रकार सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हंजे आमी वाचतो ते खोटं, अन् त्या डब्यात चढलं की खरं व्हय?"

"सध्या तरी तसंच, मामा."

"मग चढवू की!"

तेव्हापासून सगळं टेबल उठून काउंटरवर जाऊ लागलं. पुस्तक नावावर घ्यायचं, वाचायचं, जाताना जमा करायचं. ग्रंथपाल बाई हसायच्या, "मामा, परत कालचंच?"

"काल संपलं न्हाय, बाई. तुमी एका दिवसात संपवता काय?"

रांग दारापर्यंत गेली. तक्रारी झाल्या. अध्यक्ष चिडून आले, "हा काय पोरखेळ लावलाय?"

"तुमचाच नियम पाळतोय," मी म्हटलं.

पुढच्या सभेत अहवालात तेलुगू सर्वांत वर होतं. अध्यक्षांनी कागद बाजूला सारला. "हे आकडे मुद्दाम वाढवलेत."

"वाचणारे बाहेर बसलेत. एकेकाला बोलवा, काय वाचलं ते विचारा."

त्यांनी बोलावलं नाही. रद्दीचा विषय मागे घेतला. बसून वाचलेल्या पुस्तकांचीही नोंद संगणकात व्हावी, हा माझा ठराव मात्र अजून मंजूर झालेला नाही. होईपर्यंत रोज दुपारी रांग लागणार, आणि शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तिच्यात मीही असणार.