अंथरुणातली ऊब

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं जुनं कामगारांचं घर दुरुस्त होऊन लोकांना पाहायला खुलं झालं. विद्यार्थी स्वयंसेवकांना त्याची माहिती सांगायला शिकवत होते यशवंतकाका. तरुणपणी ते तिथेच राहिले होते.

"इथे बारा कामगार सहा खाटांवर झोपायचा," त्यांच्यातली अक्षया म्हणाली.

"झोपायचे. बारा आहेत ना!"

"सॉरी! काका, तुमच्या खाटेवर दुसरं कोण?"

"रात्रपाळीवाला. मी परतायच्या आत तो निघायचा. अंथरूण उबदार असायचं, तेवढीच ओळख. एकदा ते गार लागलं. कारखान्यात भट्टीवरच्या अपघातात तो गेला होता."

"नाव काय त्यांचं?"

पन्नास वर्षांत काकांनी ते कुणालाच विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, असं सांग," ते म्हणाले. "पण त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय लोकांना पुढच्या खोलीत नेऊ नकोस."