बाबांचा रणगाडा

परवा रविवारी आचऱ्याला, आमच्या जुन्या शाळेत, भर सभेत मी एक कबुली देऊन आले... पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली.

बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून गावाने शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या नावाचा फलक लावायचं ठरवलं होतं. मजकूर मला आठवडाभर आधीच व्हॉट्सॲपवर आला होता... 'रणगाड्यावरून शत्रूला धूळ चारणारे आपल्या गावचे वीर सुपुत्र.'

वाचून मला घामच फुटला. बाबा सैन्यात होते हे अगदी खरं, पण ते स्वयंपाकी होते... पहिल्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत. रणगाड्याची थाप माझी होती!

चौथीत 'माझे बाबा' असा निबंध होता. शेजारी बसणाऱ्या शबानाच्या वडिलांचा ट्रॉलर होता आणि तिने त्यावर दोन पानं भरली होती. आता तिच्यापुढे मी काय लिहू... माझे बाबा दीडशे जणांची डाळ शिजवतात? मी त्यांना सरळ रणगाड्यात बसवलं. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला आणि संध्याकाळपर्यंत रणगाडा बाजारात पोचला.

दोन महिन्यांनी बाबा रजेवर आले. हेडमास्तरांनी त्यांना झेंडावंदनाला बोलावलं, चार शब्द बोलायला सांगितलं. मी पहिल्या रांगेत... मान खाली घालून बसलेली.

बाबा गणवेशात उभे राहिले. म्हणाले, सैन्यात प्रत्येकाचं काम मोठं असतं, बाकीचं माझी मुलगी सांगेल, तिला माझ्यापेक्षा छान सांगता येतं. एवढं बोलून खाली बसले. घरी त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, उलट माझ्या ताटात एक घावणा जास्तीचा वाढला. मी तो गुपचूप खाल्ला... आणि तेव्हापासून गप्पच राहिले.

बाबा रजेवर आले की आईला स्वयंपाकघरात बंदी असायची. दहा महिने तू रांधतेस, आता तू बस... आणि आई खरंच अवघडून बसायची, बिचारीला बसायची सवयच नव्हती. निवृत्त झाल्यावर तर रोज पहाटे तिच्या उशाशी चहाचा मग. गेले त्या दिवशीही तो मग तिथे होता.

फक्त चार माणसांचा स्वयंपाक त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. हात सवयीने मोठाच पडायचा. मग काळ्या वाटाण्याचं सांबारं डब्यातून अर्ध्या वाडीत जायचं, आणि देवळातल्या जेवणावळीला तर तेच मुख्य आचारी. मला वाटायचं, लोक म्हणत असतील, रणगाडेवाल्याला काय ही स्वयंपाकाची हौस!

त्यांच्या आजारपणातही बोलायला हवं होतं मी. रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. याचं वाईट वाटतं... फार वाईट वाटतं.

तर परवा. निघताना आई पदर सारखा करत एवढंच म्हणाली, "आता तरी सांग गो." मी म्हटलं, फलक रंगवून झालाय, लोक काय म्हणतील? पण वाटेत माझ्या मनात आलं की आज हा फलक लागला तर बाबा कायमचे पुसले जाणार. भिंतीवर जो राहील तो कोणी दुसराच माणूस असेल.

माझी पाळी आली तेव्हा फलकावर अजून कापड होतं. मी माईक घेतला आणि एका दमात सांगून टाकलं... निबंध, शबाना, रणगाडा, सगळं. माझ्या बाबांनी आयुष्यात एकही गोळी शत्रूवर झाडली नाही. ते बर्फातल्या चौक्यांवर, जिथे डाळ शिजता शिजत नाही, तिथे माणसांना गरम जेवू घालायचे. मी त्यांची लाज वाटून खोटं लिहिलं होतं, आणि आज मला त्या खोट्याची लाज वाटते.

मी माईक खाली ठेवला.

मग अध्यक्षांच्या खुर्चीतून दत्ताकाका उठले. बाबांचे बालपणापासूनचे दोस्त.

"बस गो बाय. आमका सगळ्यांका म्हायत होता. रणगाडो चालवणारो माणूस दोनशे माणसांचा सांबारा एकट्यान करता काय?"

सगळा हॉल हसला. मी मात्र तशीच उभी.

"त्याच रजेत तुझ्या बापाशीन सांगल्यान माका," काका म्हणाले. "म्हणालो, चेडवान हौसेन लिवल्यान हा, कोणी तेका उघड्यार पाडू नकात. मोठा जातला, मगे आपसूक सांगतला. म्हणान आम्ही गप रवलो. फलकाचो मजकूर तुका धाडलो, तू काय बोललंस नाय... तसोच रंगवलो."

मी तिथेच स्टेजवर रडले. आई पहिल्या रांगेत... ती हसत होती.

पस्तीस वर्षं! शबानासुद्धा त्यात आली, मागून हात हलवत होती बया. चौथीतल्या एका पोरीची थाप अख्ख्या गावाने सांभाळली, कारण तिच्या बापाने तसं सांगितलं होतं. या गावाचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

कापड न काढताच फलक पेंटरकडे परत गेलाय. नवा मजकूर मी लिहून दिला... 'सैन्यातले स्वयंपाकी. यांच्या पंगतीतून कोणी उपाशी उठलं नाही.'

या वेळचा निबंध खरा आहे, बाबा.