ऐन उन्हाळ्यातलं धुकं

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. निसर्गचित्र त्याच्या हातून एकच झालं आणि तेच गाजलं. नदीपलीकडचं त्याचं स्वतःचं घर, उघडं दार आणि सगळ्यावर दाट धुकं. ते कॅलेंडरवर आलं, बिस्किटांच्या डब्यावर आलं. जाणकार त्या धुक्यावर तासतासभर बोलायचे आणि मामा पहिल्या रांगेत बसून डुलक्या घ्यायचा.

मामाचा नियम एकच होता, डोळ्यांना दिसतं तेवढंच काढायचं. फळवाल्याच्या पाटीवर पेरू हवा तर समोर पेरू हवा. चित्रातल्या दारात मामी हवी होती, म्हणून मामा अलीकडच्या काठावर रंगवत असताना ती बिचारी वीस दिवस सकाळभर दारात उभी राहिली. एकविसाव्या दिवशी तिनं नदी ओलांडून चित्र पाहिलं. त्यात ती तांदळाच्या दाण्याएवढी होती.

"एवढ्यासाठी माझ्या पायांचे तुकडे पाडलेत?" असं म्हणून ती तडक माहेरी गेली.

दोन महिन्यांनी परतली तोवर चित्र विकलं गेलं होतं. त्यात मामी नव्हती. "मला पुसून टाकलं यांनी," हे तिनं पुढं चाळीस वर्षं आल्यागेल्याला ऐकवलं. मामा मूग गिळून बसायचा. मला त्याचा रागच यायचा.

गेल्या महिन्यात संग्रहालयातली चित्रं दुरुस्त करणारी बाई घरी आली. मामाचं चित्र यंत्रानं तपासताना तिला धुक्याखाली, दारात, कुणीतरी उभं असलेलं सापडलं होतं. धुक्याचा थर उतरवता येईल, पण एकदा उतरला की परत चढणार नाही, म्हणाली. मामाची सही हवी होती.

मामाचा चेहरा पडला. धुकं गेलं की उरणार ते पाटीवाल्यानं काढलेलं एक घर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं कागद मामीपुढं सरकवला. "तू म्हणशील तसं."

मामीनं चष्मा लावला. कागद वाचला नाही, मामाकडं पाहिलं.

"मी गेले तेव्हा ऐन उन्हाळा होता. धुकं कुठून आणलंत?"

"आणलं नाही. दिसत होतं."

"उन्हाळ्यात?"

"तू गेल्यापासून रोज. डोळे पुसले की जरा कमी व्हायचं."

मामीनं चष्मा काढला. म्हणाली, "चाळीस वर्षं तोंड शिवलं होतं का?"

आणि कागद त्या बाईला परत दिला. "राहू द्या हो. मी आहेच त्यात."