नवऱ्याच्या लग्नाची सीडी

मी घरात असताना नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि त्या लग्नाची सीडी गावभर दाखवली. धान दुधात आलं, कोवळे दाणे खायला पोपट यायला लागले, तेव्हा मी ती सीडी धानाच्या बांधीत, शेताच्या मधोमध बांबूला टांगली. ऊन पडलं की तिच्यातून लाल, हिरवे, जांभळे पट्टे फिरायचे आणि पोपट पळायचे.

कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली, "माय, तिच्यावर बारीक रेघा असतात. त्यांनी उजेड फुटून रंग दिसतात. लग्न त्या रेघांतच भरलं असते."

ऐकून मला बरं वाटलं.

नवरा शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडला, "माझं लग्न काऊन टांगलं वं?"

"पोपट भेऊन राहिले ना जी. दुसरीलेही उभी करा इथं."

कापणीनंतर मी सीडी परत केली. उन्हापावसाने तिचा चकचकीत थर सोलून निघाला होता. त्याने ती मशीनमध्ये तीनदा घातली. लग्न दिसलं नाही. मी समोर बसून पाहत होते.