टाकीबाहेरचा माणूस

माझी आणि झुंबर अहिरे यांची ओळख भांडणानेच झाली. सिल्वासाजवळ मसाटमध्ये एका रेझिनच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते. रत्नागिरीहून आलेली, डिप्लोमा कोरा करकरीत आणि सगळे नियम तोंडपाठ.

या कारखान्यात रेझिन शिजवायच्या पोलादी टाक्या आहेत, दोन पुरुष खोल. महिन्या-दोन महिन्यांनी भिंतींना चिकटलेला थर खरवडायला एक माणूस वरच्या तोंडातून आत उतरतो. तो आत असेपर्यंत दुसऱ्याने तोंडापाशी बसून राहायचं. आतल्याशी बोलत राहायचं, त्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी सांभाळायची आणि काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. कागदोपत्री त्याला अटेंडंट म्हणतात. कारखान्यात सगळे नुसतं ‘बाहेरचा’ म्हणत. झुंबरभाऊ अकरा वर्षं बाहेरचे होते.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसून आत ओरडत होते, “अरे, सासऱ्याची म्हैस व्याली का रे?”

आतून उत्तर आलं, “व्याली. पारडू झालं.”

“मग चीक कोणी खाल्ला?”

मी म्हटलं, “झुंबरभाऊ, या काय गप्पा? दर दोन मिनिटांनी ‘ओके?’ विचारायचं, उत्तर आलं की वहीत टिक करायची.”

“मॅडम, ओके तर माणूस झोपेतपण म्हणतो.”

“मग वॉकीटॉकी घ्या.”

“पोलादाच्या आत नुसती खरखर येते तिची.” एवढं बोलून ते परत तोंडाकडे वळले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला राग आला. हा माणूस बसून खाणारा आहे, असं मला कारखान्यात दोघातिघांनी सांगितलंच होतं. आतला घाम गाळतो आणि हा म्हशीच्या चौकशा करतो.

पुढे ओळख वाढली तशी त्यांनी एकदा कॅन्टीनमध्ये स्वतःहून सांगितलं. ते साक्री तालुक्यातले. सिल्वासात आले तेव्हा गलोंड्याच्या एका कारखान्यात टाक्या साफ करायचे, म्हणजे आतले होते. एक दिवस ते आत असताना बल्ब गेला. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बाहेरचा विडी ओढायला गेला होता.

“किती वेळ?”

“वीस मिनटं असतील. दोरी ओढली तर तीपण मोकळीच आली हातात. काही झालं नाही मॅडम. हवा चांगली होती, लागलं नाही, खुपलं नाही. तो आला, बल्ब बदलला, म्हणाला, एवढं काय ओरडतो? मी कोणाकडं तक्रार केली नाही. काय करणार, काही झालंच नव्हतं ना.” मग म्हणाले, “पण त्या वीस मिनटांत मला वाटलं का मी आहे हे कोणालाच माहीत नाही. घरच्यांनापण नाही. तसं दुसऱ्याला वाटू नये म्हणून बाहेरचं काम मागून घेतलं.”

मी त्यानंतर टिक करण्याचा आग्रह सोडला. पण खरं सांगायचं तर त्यांच्या गप्पांचं मोल मला तेव्हाही कळलं नव्हतं.

ते कळलं मे महिन्यात. तीन नंबरच्या टाकीत नवनाथ उतरायचा होता. नवनाथ झुंबरभाऊंच्याच भागातला, तिशीतला, हसरा. त्या टाकीला नायट्रोजनची नळी आहे. काम चालू असताना आतला माल पेटू नये म्हणून तो वायू सोडतात. माणूस उतरायच्या आधी ती नळी तोडून तिच्या तोंडावर लोखंडी चकती बसवायची, असा नियम. मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, वॉल्व्ह घट्ट बंद केलाय, चकतीला तास जाईल. मी मान डोलावली आणि आत उतरायच्या परवान्यावर सही केली. हवा मोजली, ती उत्तम होती. कारखान्यात हवा मोजायचं मीटर तेव्हा एकच होतं, ते घेऊन मी पलीकडच्या शेडमधल्या दुसऱ्या कामावर गेले.

पुढचं मला झुंबरभाऊंनी आणि रघुनाथने सांगितलं. रघुनाथ फिटर, नवनाथच्या बहिणीचा नवरा. तो शेजारीच पंप उघडून बसला होता.

अर्धा तास सगळं ठीक चाललं. मग झुंबरभाऊंनी विचारलं, “डब्यात काय आणलं रे आज?”

“भाकर.”

“आणि भाकरीबरोबर कोरड्यास?”

आतून खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग नवनाथ हसला आणि म्हणाला, “भाकर.”

झुंबरभाऊंना वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी तोंडाजवळ वाकून मोठ्याने विचारलं, “नवनाथ, तुझ्या पोरीचं नाव काय?”

“हो,” नवनाथ म्हणाला.

झुंबरभाऊंनी त्याच क्षणी गळ्यातली शिट्टी फुंकली. “खुरपं टाक! शिडी धर!” नवनाथ पुन्हा हसला आणि टाकीच्या तळाशी, घरी ओट्यावर बसावं तसा, मांडी घालून बसला.

नायट्रोजनला वास नाही की रंग नाही. त्यात गुदमरल्यासारखंही वाटत नाही. आधी डोकं मंद होतं, मग पाय जातात. पुढे फार वेळ उरत नाही.

शिट्टी ऐकून रघुनाथ धावत आला. वाकून पाहिलं आणि सरळ एक पाय आत टाकला. झुंबरभाऊंनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

“सोडा मला! माझा मेहुणा आहे तो!”

“आत गेलास तर दोघांना ओढायला मी एकटा. चरखी फिरव!”

“मरेल तो!”

“चरखी फिरव, रघुनाथ!”

तोंडावर तिवई उभी होती आणि दोरी तिच्या चरखीवरून गेलेली होती. रघुनाथ शिव्या देत चरखी फिरवू लागला. झुंबरभाऊ तोंडाच्या कडेला पालथे पडले आणि लांब हाताने दोरी इकडेतिकडे सारत राहिले, कारण मध्ये रेझिन घुसळणाऱ्या ढवळणीची पाती होती आणि त्यात नवनाथचा खांदा अडकला असता. तोंडाने बोलणं चालूच होतं. “आलास नवनाथ. निम्मा आलास. मान खाली घे. आता पाती गेली. आलास बघ.” नवनाथ केव्हाच ऐकायच्या पलीकडे गेला होता.

शिट्टीवर मी धावत पोचले तेव्हा तो बाहेर आडवा होता, ओठ निळे, छाती हलत होती. त्याला ऑक्सिजन लावला, गाडीत घातलं. मग मी मीटर दोरीला बांधून टाकीच्या तळाशी सोडलं. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असायला हवा, मीटर अकरा दाखवत होतं. नळ थेंबाथेंबाने गळावा तसा बंद केलेला वॉल्व्ह आतून झिरपत होता.

नवनाथ दोन दिवस दवाखान्यात होता आणि धडधाकट घरी आला. चौकशी झाली. चकती बसवली नव्हती आणि मीटर मी घेऊन गेले होते, हे मी माझ्या हाताने लिहून दिलं. मला ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्यानंतर तीन मीटर आले, त्यातलं एक आत उतरणाऱ्याच्या खिशाला लागतं. चकतीशिवाय सही होत नाही.

झुंबरभाऊंचा सत्कार करायचं मॅनेजरांच्या मनात होतं. ते नको म्हणाले. रघुनाथ त्यांच्याशी बोलत नव्हता. कॅन्टीनमध्ये तो सगळ्यांना सांगे, “माझा माणूस आत मरत होता आणि हे बाहेर उभे. वर मलापण जाऊ दिलं नाही.” ऐकणाऱ्यांना नियम माहीत होता, तरी कोणी त्याला खोडून काढत नसे. मनात सगळ्यांना तसंच वाटतं. आपल्या माणसासाठी उडी घेणारा तो खरा.

मी एकदा विचारलं, “तुम्हाला आत जावंसं वाटलं नाही?”

“वाटलं नाही कसं? पाय उचलला होता मी. रघुनाथच्या आधी.” ते हातातला चहा तसाच धरून बसले. “पण मला ते लागत नाही मॅडम. मला लागतं ते भाकरीचं. दोनदा भाकर म्हणाला तेव्हाच ओढायला पाहिजे होता. मी अजून एक सवाल विचारत बसलो.”

“एका सवालाने काय झालं असतं?”

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर लागतं.”



दिवाळीच्या सुट्टीत टाक्यांच्या दुरुस्तीची कामं निघाली. ढवळणीचं बेअरिंग बदलायला फिटरनेच आत उतरायचं होतं. मी परवाना भरत होते. रघुनाथ पट्टा चढवता चढवता म्हणाला, “बाहेर कोण आहे?”

मी एका नव्या माणसाचं नाव सांगितलं. झुंबरभाऊंना हे काम मुद्दामच दिलं नव्हतं.

“तो नको. झुंबरभाऊंना बोलवा. तोवर मी थांबतो.”

झुंबरभाऊ आले. दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. झुंबरभाऊंनी त्याचे सगळे पट्टे ओढून पाहिले, दोरी अडकवली. रघुनाथ आत उतरला. तो तळाला पोचल्यावर झुंबरभाऊंनी खाकरून विचारलं, “गावाकडच्या घराचा स्लॅब टाकून झाला का?” आणि रघुनाथ जो बोलायला लागला, तो दीड तास थांबला नाही. गवंडी कसा फसवा निघाला, भावाने जिना कुठे काढायला लावला, बायकोला ओटा कोणत्या दिशेला हवा, सगळं. बाहेर आल्यावर पट्टा सोडून तो परत गप्प झाला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर जेवायला बसू लागला.

गेल्या वर्षी झुंबरभाऊ माझ्याकडे एक कागद घेऊन आले. सुट्टी काढून स्वतःच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डाव्या कानाला बरंच कमी ऐकू येत होतं. मी म्हटलं, “उजवा चांगला आहे ना, मग?”

“मॅडम, माणूस हळू बोलायला लागला तर मला कळायला पाहिजे. मला काढा तिथून.”

त्यांनी आपल्या जागी चंदाचं नाव सुचवलं. चंदा पॅकिंगमध्ये होती, चाळिशीची. बाईमाणूस टाकीवर कशाला, अशी कुजबुज झाली. तिला ओढायची ताकद आहे का, असंही एकाने विचारलं.

“ओढायला चरखी आहे,” झुंबरभाऊ म्हणाले. “हिनं तीन पोरं वाढवली. शेजारच्या खोलीत पोरं गप्प झाली का उठून बघायला पाहिजे, हे हिला सांगावं लागत नाही.”

आता ते स्टोअरला असतात, पट्टे आणि दोऱ्या तपासून देतात. चंदा टाकीच्या तोंडाशी बसते. तिचे प्रश्न वेगळे असतात. आतल्या माणसाला ती बहुतेक भाज्यांचे भाव विचारते, आणि त्याने चुकीचा सांगितला की त्याच्याशी भांडते.